मिळालं तसं फाटक

"फाटक मिळालं तसं ठेवावं, उघडं तर उघडं, बंद तर बंद."

हे ती एकदाच बोलली होती, नव्या सुनेला, पहिल्या सहलीत. एरवी बोलण्याच्या बाबतीत बाई हात राखून. हॉस्पिटलच्या धुलाईघरात तिची उभी हयात गेली. तिथं यंत्रांचा असा गलबला की बोललेलं समोरच्याला पोचत नसे. ओली चादर दोघींनी टोकं धरून झटकायची, घडी घालायची, आणि पुढे ये, मागे हो, हे डोळ्यांनी सांगायचं. ती सवय घरीही आली आणि नवऱ्याने ती गोड मानून घेतली.

नवरा विम्याच्या कचेरीत कारकून. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला उतारवयात खाचखळग्यांचं वेड लागलं आणि त्याने एक जुनी फोर बाय फोर गाडी घेतली. सुटीच्या दिवशी रानवाटा. रान कुणाकुणाचं, गुरं मोकळी चरायला सोडलेली, म्हणून वाटेवर लोखंडी फाटकं. रिवाज असा की ड्रायव्हरच्या शेजारी बसेल त्याने उतरायचं, फाटक उघडायचं, गाडी गेली की लावायचं आणि धूळ खात गाडीपर्यंत चालत यायचं. ती जागा तिची.

नवरा गेला. स्टिअरिंगवर मुलगा आला. तिची जागा तीच राहिली. मागे सून आणि सुनेचे वडील. व्याही म्हणजे निवृत्त तिकीट तपासनीस, बायको गेल्यापासून लेकीकडेच राहत होते.

त्या दिवशी मुलाच्या मनात एक विषय होता. हिवाळ्यात आई न्हाणीघरात पडली होती आणि शेजारीण येईपर्यंत तशीच पडून राहिली होती. तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. तिने धुलाईघरातलं काम आता सोडावं, घर विकावं, आपल्याकडे यावं. समोरासमोर बोलायची त्याला छाती होत नव्हती. गाडीत दोघांचीही तोंडं रस्त्याकडे असतात.

पहिल्या फाटकाशी त्याने चारही टायरमधली थोडी थोडी हवा सोडली, म्हणजे दगडांवर चाक पकड घेतं, आणि परत बसता बसता विषय काढला. ती म्हणाली, "बघू," आणि फाटक उघडायला उतरली. धूळ झटकत परत आली तेव्हा मुलगा म्हणाला, "या महिन्यात काम सोडून दे, आई. ठरलं."

"कधी?"

"आत्ताच. तू खाली होतीस तेव्हा."

"विहीणबाई," व्याही मागून म्हणाले, "तुम्ही खाली पाय ठेवला की इथं पंचायत बसते. पुढच्या फाटकाला जरा पाय उचला."

ती हसली. मग चढ लागला. गाडी एका बाजूला कलली, दगडावर घासली, सुनेने डोळे मिटले. वर पुन्हा फाटक. या वेळी ती परत आली तेव्हा तिची खोली ठरली होती.

"उजेडाची आहे, आई," सून म्हणाली. "तुमचं कपाट मात्र मावायचं नाही. बाबांच्या कपाटात दोन खण करून देते."

"माझेही दोनच आहेत," व्याही म्हणाले. "एका माणसाला संसार किती लागतो, ते लेकीनं शिकवलं मला."

"बाबा, कशाला टोचून बोलायचं?"

"टोचत नाही गं. मजेत आहे मी. ठेवतेस तिथं असतो."

ओढ्याकाठी सावलीत त्यांनी उकडलेली अंडी आणि पाव खाल्ला. मुलाने तिच्यासाठी सपाट दगड शोधून दिला, वर स्वतःचा सदरा अंथरला. तो वाईट नव्हता. ते तिलाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच काही बोलणं अवघड होतं.

परतीच्या वाटेवर आणखी एक फाटक. ती बसली तशी मुलगा म्हणाला, "उद्या एक माणूस घर बघून जाईल. तू कामावर असशील. किल्ली तेवढी देऊन ठेव."

तिने पिशवीतून किल्ली काढली आणि गिअरशेजारच्या खोबणीत ठेवली. नवरा तिथं सुपारी ठेवायचा. मुलाने मोठा श्वास सोडला.

शेवटच्या फाटकापलीकडे डांबरी रस्ता. फाटकाच्या अलीकडेच गाडी थांबवून मुलगा हवा भरायला पंप घेऊन उतरला, सून दाब बघायला त्याच्यामागे गेली. गाडीत दोघंच उरली. पंप घरघरत होता. व्याही पुढे झुकले. आवाजात थट्टा नव्हती.

"मीही किल्ली अशीच दिली होती, विहीणबाई. गाडीतच."

तिने आरशात त्यांच्याकडे पाहिलं. चादरीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या बाईकडे पाहावं तसं.

मुलगा हात पुसत आत बसला, सून मागे बसली. त्याने गाडी सुरू केली.

"आई, फाटक."

तिने खोबणीतली किल्ली उचलली. एरवी सीटवर राहणारी पिशवी खांद्याला लावली. उतरून तिने फाटक एका माणसापुरतं उघडलं, पलीकडे गेली आणि ओढून घेतलं. साखळी सकाळी होती त्याच खिळ्याला अडकवली. गाडी अलीकडेच घरघरत उभी होती. मग बसथांब्याच्या दिशेने, डांबरीच्या कडेकडेने ती चालू लागली.