तुमचं औषध तुमच्या तालुक्यात

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. म्हणाले, "टी.बी. आहे. म्हणजे क्षय. उजवं फुप्फुस धरलंय." मी सासूकडे पाहिलं. ती बाकावर माझ्यापासून थोडी सरकून बसली होती.

ही आमच्या शेवगाव तालुक्यातली गोष्ट, बहात्तरच्या मोठ्या दुष्काळाच्या आधीची. औषध सरकारी, फुकट. स्ट्रेप्टोमायसिन नावाचं इंजेक्शन आणि गोळ्या. गरीब-श्रीमंत कुणीही यावं. "वर्षभर खंड पडू द्यायचा नाही," डॉक्टरांनी बजावलं. "मधेच सोडलंस तर पुढं हेच औषध लागू पडणार नाही."

दिवाळीपर्यंत खोकला उतरला, अंग भरलं. मग ऊसतोडीची टोळी निघाली. तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, एकट्या गड्याला मुकादम घेत नाही. गावात तर काही पिकलं नव्हतं. गेलो.

कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडरनं माझं औषधाचं शेवगावचं कार्ड पाहिलं. "तुमचं औषध तुमच्या तालुक्यात मिळंल. नियम सगळ्यांना सारखाच हाय."

बरोबर आणलेल्या गोळ्या संपल्या. एका सकाळी मोळी उचलताना उबळ आली आणि तोंडात खारट लागलं. उसाच्या वाळल्या पाचटावर रक्त पडलं होतं. नवऱ्यानं पायानं पाचट सारून ते झाकलं. टोळीत कळलं असतं, तर मुकादमानं आम्हाला घरी धाडलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी फडात गेलेच नाही. दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या खोलीसमोर बसले. शिपाई उठवायला आला, उठले नाही. अखेर डॉक्टर स्वतः बाहेर आले.

"सायेब, नियम सारखा हाय," मी म्हणाले. "पर बागाईतदार बारा म्हैने घरी ऱ्हातो. आमी निम्मं वरीस हितं आसतो. आमी औषध कुठं घ्यायचं?"

त्यांनी आत वळून सुई उकळायला ठेवायला सांगितली. मला म्हणाले, "रोज ये. वरच्यांना काय सांगायचं ते मी बघतो."

त्यांनी हंगामभर औषध दिलं. पुढं थुंकीच्या तपासणीत जंतू सापडले नाहीत. त्या माणसाचे उपकार मी अजून मानते. ज्यांना हा आजार होईल त्यांना माझं सांगणं आहे, बरं वाटलं तरी औषध सोडू नका. कुणी परत पाठवलं, तर मुकाट्यानं जाऊ नका.

दुष्काळ सरल्यावर माझी धाकटी जाऊ पार्वती हिलाही क्षय झाला. तीही तोडीला आली, त्याच दवाखान्यात गेली, माझ्यासारखीच बसून राहिली. आमच्या डॉक्टरांची बदली झाली होती. नवे डॉक्टर बाहेर आलेच नाहीत.

पार्वती फाल्गुनात गेली. तिचं औषध शेवगावला तिच्या नावावर शिल्लक होतं.