जत्रेच्या दिवशी वाचलेली वही

नातीच्या वहीत चुकलेल्या वजाबाकीवर आज पुन्हा बरोबरची लाल खूण बघितली आणि माझं डोकंच फिरलं.

परवा गावच्या जत्रेमुळे वर्गात अकराच मुलं होती, तेव्हा बाई हिच्या शेजारी येऊन बसल्या. "अगं, हातचा घेतेस आणि विसरतेस की! आणि मी खुशाल बरोबरची खूण करत होते," म्हणाल्या. अर्धं समजेतोवर घंटा झाली. तरी पोरगी नाचतच घरी आली. "आजी, बाईंनी माझी वही वाचली!"

शिकवणं म्हणजे आणखी काय हो, शेजारी बसणंच की.

आज पुन्हा बासष्ट मुलं. बासष्ट वह्यांवरून बाईंचा नुसता हात फिरणार, त्यांना तरी काय बोलू?

"आजी, पुढची जत्रा कधी?"

"वर्षाने गं."

तिने वही मिटून दप्तरात कोंबली.