शेवरीची नखं

काल शेजारणीच्या मांजरानं माझ्या साडीत नख अडकवलं आणि मला मस्कतमधलं, बौशरचं आमचं घर आठवलं. ह्यांची नोकरी संपली होती, आम्ही भारतात परतणार होतो. आमची मांजर शेवरी मस्कतजवळच्या बरका गावी, ओळखीच्या हमीदाभाभींच्या शेतावर जाणार होती. भाभी मूळच्या रत्नागिरीच्या. म्हणाल्या, "ताई, पोरं लहान हायत, नखं तेवढी कापून द्या."

एरवी नखं कापायची म्हणजे टॉवेल, ओरखडे, आरडाओरडा. त्या दुपारी मात्र शेवरी लेकीच्या मांडीवर निमूट बसली. एसीच्या घरघरीत एकेक नख तुटल्याचा बारीक आवाज येत होता. तिचा पंजा माझ्या बोटांत मऊ, उबदार होता.

"आई, तिला कळला का, आपण जातो ते?" लेकीनं अडखळत्या मराठीत विचारलं.

"शहाणी झालीय ती," मी म्हटलं. मला तेव्हा तिचं कौतुकच वाटलं होतं.

पुण्यात पोचलो त्याच आठवड्यात भाभींचा फोन आला. शेतावरच्या कुत्र्यांनी शेवरीला खजुराच्या झाडापाशी गाठलं होतं. तिनं चढायची फार धडपड केली, पण ती खोडावरून घसरतच राहिली.

लेकीला मी एवढंच सांगितलं, की शेवरी शेतावर छान रमली आहे.

"झाडावर चढते?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.