'गेट'चा तिटकारा

वर्गात एखाद्या मुलानं इंग्रजी बोलताना 'गॉट' म्हटलं की गेटसर खडू खाली ठेवत, व्हरांड्यातल्या माठाशी जात आणि खळखळून चूळ भरत. परत येऊन म्हणत, "बोललास तू, तोंड माझं खराब झालं. आता तेच वाक्य त्या शब्दाशिवाय सांग." पोरं हसायची. सरही मिशीतल्या मिशीत हसत. आमच्या तासगावच्या शाळेत पहिल्यांदा येणाऱ्या पालकांना वाटे, फाटकाशी उभं राहून उशिरा येणाऱ्यांना पकडतात ते गेटसर. पण हे गेट फाटकाचं नव्हतं. ते इंग्रजीतलं रोजच्या वापरातलं क्रियापद होतं आणि सरांना त्याची पालीसारखी किळस होती.

मी तिथं मराठी शिकवायला गेले तेव्हा जुनी अकरावी जाऊन नवी दहावी आली होती. मी चोविशीची, हंगामी नेमणुकीवरची, सर पन्नाशीचे. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "सर, एका शब्दावर एवढा राग का?"

"बाई, आमच्या वडिलांचं सांगलीत शिवणकामाचं दुकान. जाड कापडाला एक सुई, मलमलीला दुसरी. चुकीची सुई घेतली की वडील हातातलं काम काढून घ्यायचे. आणि हा शब्द बघा. पत्र आलं, आय गॉट अ लेटर. ताप आला, आय गॉट फीव्हर. लग्न झालं, आय गॉट मॅरिड. म्हातारा झालो, आय गॉट ओल्ड. पत्र, ताप, लग्न, म्हातारपण, सगळं एकाच सुईनं शिवायचं? शी!"

गंमत म्हणजे ज्या शब्दाची एवढी शिसारी, त्याचीच एक जाडजूड वही त्यांनी वर्षानुवर्षं भरत आणली होती. त्याच्यापुढं अप लागलं की उठणं, डाऊन लागलं की उतरणं, ओव्हर लागलं की दुखण्यातून बाहेर येणं; प्रत्येक पानावर एक उपयोग आणि त्याखाली नेमका मराठी शब्द. एका पानावर मात्र मराठी जागा कोरी होती. ते होतं 'गेट अवे विथ'. "वाईट काम करायचं आणि अंगाला काहीच लावून घ्यायचं नाही," सर म्हणाले. "याला तुमच्या मराठीत काय म्हणतात?"

मी म्हटलं, "पचवणं."

सरांनी टेबलावर थाप मारली. "वा! पचवणं! बाई, हा शब्द मला वीस वर्षं सापडत नव्हता." शाईच्या पेनानं त्यांनी तो लिहिला आणि फुंकर मारून वाळवला. त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या डब्यातली खिम्याची वडी दिली. त्यांच्या लेखी मी त्या दिवशी शिक्षिका झाले.

त्या वर्षी पूर्वपरीक्षेत त्यांनी दहा गुणांचा प्रश्न घातला: गेटचे पाच उपयोग स्वतःच्या वाक्यात लिहा. पेपर तपासताना सर एकदम उठून उभे राहिले. त्रेचाळीस पेपरांत तीच पाच वाक्यं होती, सांगलीच्या बाजारातल्या गाईडातली, त्यातल्या छपाईच्या चुकीसकट. "त्रेचाळीस जण एकाच देवाच्या कृपेनं एकाच आजारातून बरे झाले, बाई! स्वतःच्या वाक्यात लिहा म्हटलं होतं. एकाच्याही घरात कोणी उठत नाही? एसटीतून उतरत नाही? शी, शी!" आणि त्यांनी त्रेचाळीस जणांना त्या प्रश्नात शून्य दिलं.

त्या त्रेचाळिसांत संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या होता. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष स्वतः स्टाफरूममध्ये आले. द्राक्षबागायतदार, आवाज मोठा.

"आवं सर, पोरांनी पाट करून लिवलं, त्यात काय चुकलं? बराबर हाय का न्हाई वाक्य?"

"बरोबर आहे. पण त्यांचं नाही."

"ते कुणाचं का असंना. आट-आट मार्क टाका सगळ्यांस्नी, मिटवा."

"ज्यानं गाईड लिहिलंय त्याला टाकतो," सर म्हणाले. "त्याचा पत्ता द्या."

आम्ही सगळे माना खाली घालून बसलो होतो. अध्यक्ष वळले आणि थेट हेडमास्तरांच्या खोलीत गेले.

आठवड्याभरानं हेडमास्तरांनी आम्हा शिक्षकांना एकेक करून आत बोलावलं. टेबलावर गेटसरांविरुद्धचा एक तक्रारअर्ज होता, आमच्या सह्यांसाठी. त्यात लिहिलं होतं की हे शिक्षक खेड्यातल्या मुलांना तुच्छ लेखतात, मूल बोललं की विटाळ झाल्यासारखी चूळ भरतात, त्यामुळं मुलांच्या मनावर परिणाम होतो. मी तो शेवटपर्यंत वाचला. ज्या चुळीवर सगळा वर्ग हसायचा, तिचा यांनी असा चिखल केला होता.

"सर, हे खोटं आहे," मी म्हटलं.

हेडमास्तर चष्मा पुसत राहिले. "बाई, जूनमध्ये तुमची ऑर्डर कायम व्हायचीय. सगळ्यांनी केलीय सही. तुम्हीच तेवढ्या राहिलाय."

मी सही केली. बाहेर आले तर सर व्हरांड्यात एका मुलीला वाक्य समजावत होते. मी दुसऱ्या जिन्यानं खाली उतरले. त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. हात साबणानं धुतला, पुन्हा धुतला.

सरांची बदली आटपाडीकडच्या शाखेत झाली. निरोपसमारंभ झालाच नाही. स्टँडवर मी एकटीच गेले. ते ट्रंकेवर बसून बसची वाट पाहत होते. मला पाहून उठले, "या बाई," म्हणाले.

माझ्यानं राहवेना. "सर, त्या अर्जावर माझीही सही आहे."

"माहीत आहे. मला दाखवला त्यांनी."

"करावी लागली, सर."

सर माझ्याकडं पाहत होते. रागानं नव्हे. वहीतला चुकलेला शब्द पाहावा तसे.

"बाई, आमचं गेट आळशी आहे, म्हणून मी त्याला शिव्या घालतो. पण तुमचं हे 'लागली' फार वाईट. करावी लागली, जावं लागलं, बोलावं लागलं. करणारा माणूसच वाक्यातून पळून जातो. तुम्ही मराठीच्या शिक्षिका आहात. नीट वाक्य करा."

"मी सही केली," मी म्हटलं.

"हां. आता बरोबर आहे." त्यांनी ट्रंक उचलली. बस लागली होती. पायरीवरून वळून म्हणाले, "तब्येत सांभाळा," आणि गर्दीत आत गेले.

सोमवारी मी हेडमास्तरांपुढं कागद ठेवला. अर्जातला मजकूर खोटा आहे, तो खोटा आहे हे ठाऊक असून मी सही केली, ती मी मागे घेते, एवढंच त्यात होतं. त्यांनी तो दोनदा वाचला.

"आवं बाई, तो माणूस गेला. आता ह्याचा काय उपेग?"

"त्यांना नसेल, सर. आवक क्रमांक घाला आणि मला पोच द्या."

त्यांनी कागदाकडं असं पाहिलं, जणू मी टेबलावर मेलेला उंदीर ठेवला होता. पण क्रमांक घातला.

सरांची बदली रद्द झाली नाही. ते आटपाडीकडंच निवृत्त झाले. मी कायम झाले नाही. जूनमध्ये कवठे महांकाळच्या दुसऱ्या एका शाळेत जागा मिळाली, तीही हंगामीच. तिथं पहिल्या दिवशी शिक्षकांच्या हजेरीपत्रकावर सही करताना मी थोडी थांबले. मग पूर्ण नाव लिहिलं, वाचता येईल असं.