निकाल न देता कोर्टात

इथे परदेशात, यिशुन या उपनगरात, आमच्या शेजारी एक चिनी आजोबा राहतात. मी त्यांना अंकल म्हणतो. तरुणपणी ते एका खुनाच्या खटल्यात ज्युरीवर, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांत, होते. या देशातली ज्युरीची पद्धत पुढे कायमची बंद झाली, पण ते दिवस अंकलच्या मनातून गेले नाहीत.

"एकदा कोर्टात नुसतं बसायचंय," ते म्हणाले. "कुणाचं काय करायचं, हे न ठरवता. पण आता तेव्हासारखं समन्स नाही. आत कोण सोडणार?"

मला तरी कुठे ठाऊक होतं? आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, आणि आमच्या गावात कोर्टाचं नाव निघालं तरी माणसं आवाज खाली आणत. मी त्यांना इंग्रजीत सांगितलं, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आमच्याकडे म्हणतात."

"पायऱ्या कुठे? लिफ्ट आहे लाह," वाक्याला इथला नेहमीचा 'लाह' जोडत ते म्हणाले.

मग रजा काढली. पासपोर्ट, वर्क पास, वर पदवीची झेरॉक्सही घेतली. कोर्टाच्या दारावरच्या बाईंनी विचारलं, "तुमची केस कुठल्या कोर्टात?"

"माझी केस नाही. मी इंजिनिअर आहे."

अंकल खुदकन हसले. बाई म्हणाल्या, "मग जिथे सुनावणी खुली असेल तिथे बसा. फोन बंद ठेवा. आत येता-जाता न्यायाधीशांपुढे मान झुकवा."

कागद कुणी बघितलेच नाहीत. मी सवयीने वाकून उंबऱ्याला हात लावला आणि कपाळाला टेकवला. उंबरा नव्हताच, नुसती फरशी. मागून अंकलनेही तस्संच केलं, अगदी गंभीर चेहऱ्याने.

दुकानातल्या चोरीचा खटला होता. वकील बोलत होते. बाकाच्या कडेवर ताठ बसलेले अंकल हळूहळू मागे टेकले. मग एकदम उठले, मान झुकवून बाहेर गेले. त्यांना बरं नसावं, म्हणून मी घाबरून मागे धावलो.

"काय झालं, अंकल?"

"काही नाही. तेव्हा ज्युरीतून मधेच उठता येत नव्हतं. आज उठून बघितलं. कुणी अडवलं नाही."

"मग आता घरी?"

"घरी कशाला? चल, परत आत."

आम्ही मान झुकवून पुन्हा बसलो. थोड्या वेळाने ते परत उठले. या वेळी मी जागेवरच थांबलो.