खराट्याच्या काड्या

बायकोला नाही, मित्राला नाही — हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही धड ठाऊक नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी धाराशिवच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. जीभ तिखट. वर्ग हसला की तास चांगला झाला, असं वाटायचं.

सुमन येडशीहून यायची. आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते. त्यांच्या बौद्ध वस्तीतून बी.एस्सी.ला पोचलेली ती पहिलीच, आणि तिला एम.एस्सी. करायची होती.

गोल छिद्रातून गेलेला उजेड पलीकडं ठराविक अंतरावर कसा पडेल, हे मी गणितानं काढायला दिलं होतं. छिद्रभर बारीक द्विध्रुव आहेत — म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःच एक चिमुकला दिवा — असं मानायचं आणि सगळ्यांच्या लहरींची बेरीज करायची. सुमननं ती बेरीज टेबलावर खराट्याच्या काड्यांनी मांडली. छिद्राच्या प्रत्येक वाट्याची एक काडी, एकीच्या टोकाला दुसरी. लहर जितकी उशिरा पोचेल, तितकी काडी वळवायची. पहिल्या काडीच्या बुडापासून शेवटच्या काडीच्या टोकापर्यंत जेवढं अंतर, तेवढा उजेड. काड्या गोल फिरून निघाल्या तिथंच परत आल्या.

"सर, बरोबर मधी अंधार येतोय बघा."

छिद्रासमोर, मधोमध, अंधार? "अगं, दुष्काळ पावसाचा पडलाय, उजेडाचा नाही!" वर्ग खो-खो हसला. तिनं काड्या मुठीत गोळा केल्या. एखाद्या पाटलाच्या पोरानं हेच मांडलं असतं, तर — तर मी आधी तपासून बघितलं नसतं का?

तपासलं मी. दुसऱ्या दिवशी, एकट्यानं. पत्र्याला सुईनं भोक पाडलं, दिवा लावला, भिंग मागंपुढं सरकवलं — आणि एका जागी उजेडाच्या मधोमध काळा ठिपका. लाज वाटली. उद्या वर्गात सांगू, म्हटलं. तो उद्या मी येऊच दिला नाही. पुढच्या वर्षी मात्र तशाच काड्या मांडून तोच अंधार ऐटीत शिकवला — माझा म्हणून. तोवर सुमन शिक्षण सोडून एका सहकारी सोसायटीत कारकून झाली होती.

बऱ्याच वर्षांनी ती येडशी स्टेशनावर भेटली.

"सर, त्या काड्यांत माझं कुठं चुकलं व्हतं? घरी लई डाव मांडून बघितलं. घावलंच न्हाय."

फलाटावर आम्ही दोघंच होतो. कशाची भीती होती मला?

"जुनं झालं ते आता," मी म्हणालो.

"व्हय सर," ती म्हणाली, आणि वाकून नमस्कार करून गाडीत चढली.