पऱ्हाट्यांचा माणूस

ऐंशीचं दशक सरताना मी कलेचं शिक्षण संपवून गावी आलो, तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. प्रेक्षकाने हात घातल्याशिवाय कलाकृती पुरी होत नाही, असं भेटेल त्याला तावातावाने ऐकवायचो. अमळनेरच्या एका शाळेत प्रदर्शन मांडलं. आबांचं, म्हणजे वडिलांचं, जुनं धोतर आणि सदरा घेतला, त्यात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, कोंबल्या आणि माणूस उभा केला. शेजारी काठी आणि पाटी : ‘प्रेक्षकांनी याच्याशी हवं तसं वागावं.’

लोकांनी काय करावं? कुणी त्याला टोपी घातली, कुणी विडी खोचली. चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर म्हणाले, “ही कला असेल, तर आमच्या शेतातलं बुजगावणंही पाठवतो.” मला भयंकर राग आला.

दुपारी माय आली. सदऱ्याच्या कोपरावरचं ठिगळ तिनेच लावलेलं. ते चाचपत तिने विचारलं, “पाटीवर काय लिखेल शे?”

“ज्याले जे वाटी, ते करो,” मी सांगितलं.

तिने पदर खोचला आणि काठी उचलली. खळ्यात तूर बडवतात तशी ती त्याला बडवू लागली. घाई नाही. छाती फुटली, पऱ्हाट्या कडाकडा मोडल्या. तुरीची एक बाजू झाली की ती पालटायची असते; तिने त्याला पायाने पालथा केला आणि पाठ घेतली. मी काठी धरायला गेलो, तर एक तडाखा माझ्या मनगटावर बसला. लोकांना वाटलं, हे कार्यक्रमातलंच. टाळ्या पडल्या. “आता जमलं बघ,” मास्तर म्हणाले. त्यांचा गळा धरावासा वाटला मला.

पण खरी लाज माझीच होती. भाकर गार झाली म्हणून, पाहुण्यांसमोर हसली म्हणून आबा तिला मारायचे. डोकं चुलीवर आपटायचे. मी तिथेच कोपऱ्यात वहीत बैल काढत बसायचो. पोराचा हात चांगला आहे, असं सगळे म्हणायचे.

परतीच्या एसटीत सदऱ्याची घडी तिच्या मांडीवर होती. ती म्हणाली, “घरमा असी पाटी लावती, ते तू उठता का, भाऊ?”

“नई,” मी म्हणालो.

तिने माझं सुजलेलं मनगट ओढून घेतलं आणि चोळत राहिली. गाव जवळ आलं, तसा तिने डोक्यावर पदर घेतला. घरी आबा होते.